वणवा-प्रतिबंधक अनुदानाचा अर्ज करताना या चुका टाळा

अमेरिकेत २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने वणव्याचा धोका असलेल्या वस्त्यांसाठी ‘कम्युनिटी वाइल्डफायर डिफेन्स ग्रँट’ ही योजना आणली आणि तिच्यासाठी पाच वर्षांत मिळून एक अब्ज डॉलरची तरतूद केली. वस्तीचा संरक्षण आराखडा तयार करण्यासाठी अडीच लाख डॉलरपर्यंत, तर प्रत्यक्ष कामासाठी एक कोटी डॉलरपर्यंत अनुदान मागता येते. कॅलिफोर्नियात डोंगरपायथ्याच्या आमच्या वस्तीतील स्वयंसेवी समितीत मी अशा अर्जांचे कागद सांभाळतो. आता या भागात मराठी कुटुंबेही घरे घेऊ लागली आहेत आणि समितीत नवे आलेले लोक त्याच त्या चुका पुन्हा करताना दिसतात, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक लोकवाट्याची आहे. प्रत्यक्ष कामाच्या अनुदानात सर्वसाधारणपणे पंचवीस टक्के वाटा आपण उचलायचा असतो आणि श्रमदानाचे तास त्यात धरता येतात, हे कळताच लोक निश्चिंत होतात. आम्हीही झालो होतो. दोन उन्हाळे दर शनिवारी आमचे शेजारी, त्यांतले बहुतेक निवृत्त, मॅन्झनिटाची झुडपे तोडून चिपरपर्यंत, म्हणजे फांद्यांचा भुगा करणाऱ्या यंत्रापर्यंत, ओढत होते. एक वयोवृद्ध काका त्याची नोंद खिशातल्या वहीत ठेवत. हिशेब सादर करायची वेळ आली तेव्हा ती वही उघडली, तर पानोपानी एवढेच लिहिलेले होते : ‘शनिवार, नऊ जण, दुपारपर्यंत.’ नावे नव्हती, तास नव्हते, सही तर कोणाचीच नव्हती. शिवाय पहिल्या उन्हाळ्याचे सगळे काम करारावर सह्या होण्यापूर्वीचे होते, त्यामुळे ते मंजूर कालावधीतच बसत नव्हते. ते सारे तास वगळले गेले आणि ती तूट भरून काढण्यासाठी आम्हाला घरोघरी जाऊन वर्गणी मागावी लागली. ज्यांनी अंग मोडून काम केले होते, त्यांच्याकडेच पुन्हा पैसे मागताना मला अतिशय वाईट वाटले.

तेव्हापासून चिपरच्या दांड्याला मी एक फळी बांधून ठेवली आहे, तिच्यावर मस्टर आणि दोरीने अडकवलेले पेन असते. सही केल्याशिवाय कोणाच्याही हाती करवत देत नाही. दुसऱ्या एखाद्या केंद्रीय अनुदानातून झालेला खर्च किंवा त्यासाठी आधीच दाखवलेले तास इथे लोकवाटा म्हणून पुन्हा दाखवता येत नाहीत, हेही याच फळीवर लिहून ठेवले आहे.

केंद्र सरकारच्या नोंदणी संकेतस्थळावर संस्थेचे नाव करखात्याच्या कागदांवरील नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. एका ठिकाणी ‘इन्कॉर्पोरेटेड’ आणि दुसऱ्या ठिकाणी ते नाही, एवढ्यावरूनही नोंदणी आठवडेच्या आठवडे अडकू शकते. ती दरवर्षी नव्याने करावी लागते. मी ते काम जानेवारीतच उरकतो.

आराखडा दहा वर्षांहून जुना असेल, तर प्रत्यक्ष कामासाठी अर्ज करू नका. आधी आराखडा नवा करा.

शेजारच्या काउंटीचा आराखडा उचलून त्यात गावाचे नाव बदलणाऱ्यांविषयी मला सहानुभूती नाही. वनांविषयीच्या २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार आराखडा सर्व संबंधितांना बरोबर घेऊन करायचा असतो, आधी कुठले जंगल विरळ करायचे याचा क्रम त्यात ठरवायचा असतो आणि घरे सहजासहजी पेटू नयेत यासाठीचे उपायही सांगायचे असतात. उसन्या आराखड्यात हा तिसरा भाग नेहमी पोकळ निघतो, कारण त्यासाठी घरोघरी हिंडावे लागते. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी लागून कॅलिफोर्नियातले पॅराडाइज गाव भस्मसात करणाऱ्या आगीत ८५ जणांचा जीव गेला. तिथे कित्येक घरांची राख झाली होती आणि शेजारची झाडे मात्र हिरवी उभी होती. उडून आलेली ठिणगी पन्हळीतल्या पाइनच्या सुया पेटवते, म्हणून छपराच्या पन्हळी, झरोक्यांच्या जाळ्या आणि भिंतीलगतची पहिली पाच फूट जागा यांची नोंद आराखड्यात घरागणिक असावी. स्थानिक प्रशासन, अग्निशमन दल आणि राज्याचे वनखाते या तिघांची संमतीही लागते. ती शेवटच्या आठवड्यात मागायला जाऊ नये.

पैसे बहुधा खर्च झाल्यावर परत मिळतात, त्यामुळे ठेकेदाराची पहिली दोन बिले भागतील एवढी शिल्लक हाताशी ठेवा.

शेवटची चूक देखभालीची. एकदा साफ केलेल्या उतारावर दोन-तीन पावसाळ्यांत झुडपे पुन्हा डोके वर काढतात आणि अर्जात मात्र त्याविषयी एखादेच मोघम वाक्य असते. मी उतारावर पाच खुंट ठोकले आहेत. दर मे महिन्यात प्रत्येक खुंटापाशी उभा राहून त्याच दिशेने छायाचित्र घेतो आणि पुढची साफसफाई कोण, कोणत्या वर्षी, कोणत्या पैशातून करणार हे त्या छायाचित्राखाली लिहून अर्जाला जोडतो.