सीईटीचा अभ्यास घरीच करताय? मग या चुका टाळा

बारावी बोर्डाचे पेपर संपत आले की दरवर्षी माझ्याकडे मुलं यायला लागतात. क्लास लावलेला नसतो, घरीच अभ्यास चालू असतो. दिवसदिवस बसतात, पण एमएचटी-सीईटीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, मॉक टेस्टचे मार्क जागचे हलत नाहीत. मग पहिला प्रश्न ठरलेला: "सर, अजून कुठलं पुस्तक घेऊ?" पुस्तक कमी पडलंय असं मला क्वचितच आढळतं. चुका दुसरीकडेच असतात, आणि वर्षानुवर्षं त्याच असतात.

सोल्युशन वाचलं म्हणजे गणित आलं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती मेहनती मुलंच करतात. प्रश्न वाचायचा, मिनिटभर बघायचा, सुचलं नाही की मागचं पान उघडायचं किंवा मोबाइलवर व्हिडिओ लावायचा. पायऱ्या पटतात, मान डोलते, पुढचा प्रश्न. संध्याकाळपर्यंत साठ गणितं "झालेली" असतात. दोन दिवसांनी त्यातलंच एक कोऱ्या कागदावर घातलं तर पहिली ओळसुद्धा लिहिता येत नाही.

वाचून ओळखीचं वाटणं वेगळं आणि न बघता आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांच्या लक्षात सुमारे 42 टक्के राहिलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या 56 टक्के. वाचणाऱ्याला त्या दिवशी आपला अभ्यास उत्तम झालाय असं वाटतं आणि तो तिथेच फसतो.

माझी सवय सांगतो. गणित अडलं तर निदान दहा मिनिटं झगडायचं, जे सुचेल ते कागदावर उतरवायचं. तरीही सुटलं नाही तर सोल्युशनची फक्त पुढची एक ओळ बघायची आणि पुस्तक मिटायचं. पूर्ण सोल्युशन बघावंच लागलं तर त्या प्रश्नावर पेन्सिलने गोल करायचा आणि तीन-चार दिवसांनी तो कोऱ्या कागदावर परत सोडवायचा. सुटला तरच गोल खोडायचा. असं केलं की दिवसाला साठऐवजी वीसच गणितं होतात आणि मुलं घाबरतात, "सर, सिलॅबस कसा संपणार?" वीस खरी येणं मला चालतं. साठ नुसती बघून झाली, तर सिलॅबस संपला असं मी मानत नाही.

टेस्टमागून टेस्ट

एक मुलगा सोडवलेल्या मॉक टेस्टचा गठ्ठा घेऊन आला होता. 200 पैकी मार्क 120 च्या आसपास अडकलेले. त्याला अजून चांगली टेस्ट सिरीज हवी होती. मी विचारलं, कालच्या टेस्टमधले चुकलेले प्रश्न परत सोडवलेस का? नाही. मार्क बघायचे, वाईट वाटून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी नवी टेस्ट द्यायची, असा त्याचा क्रम होता.

आम्ही दोघं एक अख्खी संध्याकाळ तो गठ्ठा घेऊन बसलो. 0 ते 2 मर्यादेत |x − 1| चं इंटिग्रेशन, याच धाटणीचा प्रश्न तीन पेपरांत होता आणि तिन्ही वेळा उत्तर 0 आलं होतं. त्याने मॉड्युलसकडे दुर्लक्ष करून सरळ x − 1 चं इंटिग्रेशन केलं होतं. 0 ते 1 आणि 1 ते 2 असे दोन भाग पाडले की प्रत्येकी अर्धा, उत्तर 1. आणि 0 हा पर्याय तिन्ही पेपरांत दिलेला होता! पर्याय काढणाऱ्याला मुलं कुठे घसरतात हे पक्कं माहीत असतं. आपलं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणजे ते बरोबर आहे, ही समजूत आधी काढून टाका.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर निघाली. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून 100 प्रश्नांना 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 54 सेकंद. हा फिजिक्सपासून सुरुवात करायचा, आकडेमोडीत अडकायचा आणि केमिस्ट्रीचे शेवटचे दहा-पंधरा प्रश्न वाचायचेच राहायचे. येत असलेले मार्क हातचे जात होते. मी त्याला नवीन टेस्ट बंद करायला लावल्या. एक वही केली. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एकच ओळ: माहीत नव्हतं, आठवलं नाही, की घाई केली. आणि केमिस्ट्री आधी. महिनाभराने तो 140 च्या वर गेला, पुस्तकं तीच होती.

टेस्टला तीन तास दिले तर ती तपासायला निदान तेवढेच द्या. वेळ नसेल तर टेस्ट कमी द्या.

अकरावी सोडून देणं

सीईटीत साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीचे असतात, म्हणजे 200 पैकी 40 मार्क. तेही पूर्ण अकरावीवर नाही, परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलने दिलेल्या ठरावीक चॅप्टर्सवर. ती यादी छापून भिंतीला लावा. सर्कल, प्रोबॅबिलिटी, ग्रॅव्हिटेशन, केमिकल बॉन्डिंग हे सोडून "बारावीवरच फोकस करतो" म्हणणाऱ्यांशी मी दरवर्षी वाद घालतो.

बाकीच्या, थोडक्यात

जेईईच्या सवयीने प्रश्न कोरे सोडू नका. जेईई मेनला चुकीच्या उत्तराचा एक मार्क जातो, सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. शेवटची दोन मिनिटं राखून सगळे पर्याय भरा.

मॅथ्सच्या प्रत्येक प्रश्नाला 2 मार्क आहेत. कंटाळा येतो म्हणून तो विषय रात्री उरलेल्या वेळात ढकलू नका.

बालभारतीचं पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून फक्त एमसीक्यूचं जाडजूड पुस्तक धरणं चुकीचं आहे. परीक्षा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर आहे, केमिस्ट्रीतली कितीतरी वाक्यं जशीच्या तशी तिथून येतात.

"दहा सेकंदांत उत्तर" देणाऱ्या ट्रिक्सचे व्हिडिओ. मला त्यांचा राग येतो. मूळ पद्धत हातात बसलेल्या मुलाला ट्रिक उपयोगी पडते, पण व्हिडिओ बघणारे बहुतेक ती पद्धत टाळायलाच आलेले असतात.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत; तुमच्याइतके किंवा त्याहून कमी मार्क किती टक्के मुलांना पडले, ते त्यातून कळतं. 90 पर्सेंटाइलला 200 पैकी 180 मार्क लागतात असं धरून खचलेली मुलं मी पाहिली आहेत.

आणि पुस्तकातल्या प्रश्नाशेजारीच आकडेमोड करायची सवय मोडा. सीईटी कॉम्प्युटरवर असते. प्रश्न स्क्रीनवर आणि आकृती, आकडे रफ कागदावर उतरवायचे. ही उतरवण्यातली चूक मला वहीत फार दिसते: वजा चिन्ह गळतं, 3 चा 8 होतो. आठवड्यातून एक तरी टेस्ट स्क्रीनवर द्या, सकाळी, एका बैठकीत, मधे न उठता, आणि रफ कागद फेकू नका. उत्तरपत्रिकेइतकाच तोही तपासायचा असतो.