किनाऱ्यावर तेल येण्याआधी: जिल्ह्याचा तेलगळती आराखडा कसा बांधावा

पत्र साधारण असंच येतं: ‘तेलगळती व घातक रसायनांबाबतचा आराखडा पंधरा दिवसांत सादर करावा.’ मग शेजारच्या जिल्ह्याची फाईल मागवली जाते, नाव बदललं जातं, नकाशा चिकटवला जातो आणि सही होते. रायगडच्या किनाऱ्यावर अशा बैठका लावणं आणि त्यांची इतिवृत्तं लिहिणं हे माझं बरीच वर्षं काम होतं. इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईकडे कोणी फारसं बघत नाही, त्यामुळे तिला सगळं ऐकू येतं. सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘हे आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही.’ बोलणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. म्हणून आराखडा लिहायला घ्याल तेव्हा हेच वाक्य कुठे कुठे उच्चारलं जाईल ते आधी शोधा आणि तिथून सुरुवात करा.

पाण्याची वाटणी नकाशावर काढा

कागदावरची वाटणी तशी स्पष्ट आहे. समुद्रातल्या तेलगळतीची जबाबदारी १९८६ पासून तटरक्षक दलाकडे आहे आणि राष्ट्रीय आराखडाही त्यांचाच. गळती किती मोठी यावरून तीन स्तर आहेत: ७०० टनांपर्यंतची पहिल्या स्तराची, ७०० ते १०,००० टन दुसऱ्या स्तराची, त्यापुढची तिसऱ्या. बंदराच्या हद्दीत बंदर बघतं, तेलविहिरीच्या फलाटाभोवती ५०० मीटरपर्यंत कंपनी बघते आणि किनाऱ्याला लागलेलं तेल राज्य सरकारने काढायचं.

आता धरमतर खाडीत उभं राहून हीच वाटणी लावून बघा. पाण्यावर मेरीटाईम बोर्ड म्हणजे राज्याचं सागरी मंडळ, एका काठाला कंपनीची जेट्टी, समोर कांदळवन म्हणजे वनविभाग, त्यामागे खारभूमीचा बांध, बांधापलीकडे ग्रामपंचायत. भरतीला तेल पाण्यावर असतं, तेच सहा तासांनी ओहोटीला चिखलावर बसतं. पाण्यावर असताना एकाचं, चिखलावर असताना दुसऱ्याचं, आणि पुढच्या भरतीला उचललं गेलं की पुन्हा पहिल्याचं!

यावर उपाय एकच. किनाऱ्याचे लहान तुकडे पाडा: खाडीचं मुख, वाळूचा पट्टा, खडकाळ भाग, कांदळवन. प्रत्येक तुकड्याला भरती असो वा ओहोटी, एकच पद जबाबदार ठेवा. माणसाचं नाव लिहू नका, पद लिहा. बाकीच्यांनी त्या पदाला काय पुरवायचं ते त्याखाली लिहा. हे ठरवताना सगळ्यांना सभागृहात बसवू नका, जागेवर न्या. उधाणाच्या दिवशी एकदा आणि भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो त्या दिवशी एकदा, कारण पाण्याची रेघ दोन्ही वेळी वेगळी असते आणि नकाशावर त्यातली एकच छापलेली असते.

पहिला फोन

तेल सर्वांत आधी दिसतं ते बोटीवरच्या तांडेलाला किंवा कालवं काढायला गेलेल्या बाईला. त्यांना तुमच्या आराखड्यातला तक्ता पाठ नसणार. त्यांना दोनच नंबर द्या: समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४, किनाऱ्यावर असाल तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. या दोघांनी एकमेकांना ताबडतोब कळवायचं, हे लेखी ठरवून घ्या. ‘त्यांना कळलंच असेल’ या भरवशावर अर्धा दिवस सहज जातो.

फोन घेणाऱ्याने काय विचारायचं ते टेबलाच्या काचेखाली ठेवा: कुठे, किती वाजता, वारा कुठून, वास येतोय का, रंग कसा. रंगाचा प्रश्न सोडू नका, कारण रंगावरून तेलाचा थर किती जाड आहे ते कळतं. चंदेरी तवंग म्हणजे चौरस किलोमीटरला फार तर ४० ते ३०० लिटर. इंद्रधनुषी असेल तर ३०० लिटरपासून ५,००० लिटरपर्यंत. धातूसारखी चमक म्हणजे त्याच्या दहापट. तेलाचा खरा काळा-तपकिरी रंग सलग दिसत असेल तर चौरस किलोमीटरमागे दोन लाख लिटरच्या वर. इंद्रधनुष्य टीव्हीवर भयंकर दिसतं, पण घाबरायचं ते शेवटच्या रंगाला.

तेल कुठे जाईल याचा ढोबळ हिशोब कारकुनालाही जमतो. प्रवाहाबरोबर ते पूर्ण वेगाने जातं आणि वर वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के. नैऋत्येचा २० नॉटचा वारा असेल तर एकट्या वाऱ्याने दिवसाला चौदा-पंधरा सागरी मैल, म्हणजे २६-२७ किलोमीटर. नेमका अंदाज हैदराबादच्या इन्कॉइसकडून, म्हणजे केंद्राच्या समुद्री माहिती सेवा संस्थेकडून मिळतो. तो मागायचा कोणी आणि आला की वाचायचा कोणी, ही दोन्ही पदं आराखड्यात हवीत.

आणखी एक. सुरुवातीला ‘गळती नाही’ असं कोणी जाहीर करू नये. २८ जानेवारी २०१७ ला एन्नोरजवळ दोन जहाजं धडकली, तेव्हा आधी गळती झाली नसल्याचं सांगण्यात आलं. नंतर माणसं बादल्या घेऊन किनाऱ्यावर उतरली. ‘पाहणी सुरू आहे’ हे वाक्य खरंही असतं आणि पुरेसंही.

काय वाचवायचं, कोणत्या क्रमाने

सगळं वाचणार नाही. हे बैठकीत मोठ्याने म्हणायला कोणी तयार नसतं, म्हणून बूम, म्हणजे तेल अडवायचा पट्टा, टाकायची जागा शेवटी ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो. तो आवाज बहुतेक वेळा रिसॉर्टवाल्याचा असतो.

खरं तर वाळूचा किनारा सर्वांत सोपा. तेल फावड्याने उचलता येतं. कांदळवन आणि चिखलपट्टा सर्वांत अवघड. तिथे मजूर घुसवले तर ते तेल चिखलात तुडवतात आणि तुडवलेलं तेल वर्षानुवर्षं तिथेच राहतं. म्हणून क्रम लावताना खाडीची मुखं आधी, कांदळवन आणि निवटे-कालवांच्या जागा त्यानंतर, पुळण म्हणजे वाळूचा किनारा शेवटी. कालवं, तिसऱ्या, खुबे नेमके कुठे मिळतात हे मत्स्यविभागापेक्षा गावातल्या बायकांना जास्त माहीत असतं. नकाशा त्यांच्यासमोर पसरा आणि हातात पेन्सिल द्या.

आता बूमबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच सर्वांत जास्त पैसा वाया जातो. बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारा आणि खाली पडदा असलेला पट्टा. प्रवाह समोरून साधारण ०.७ नॉटच्या वर गेला की तेल पडद्याखालून निसटतं. आपल्या खाड्यांना उधाणाच्या ओहोटीत याहून बराच जास्त वेग असतो. तरी उद्घाटनाच्या फोटोत बूम खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला सरळ ताणलेला दिसतो!

मोजायला यंत्र लागत नाही. जेट्टीवर दहा मीटरच्या दोन खुणा करा, पाण्यात एक सोललेला नारळ टाका आणि घड्याळ बघा. २८ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर बूम आडवा चालेल. १९ सेकंद म्हणजे एक नॉट, मग बूम प्रवाहाशी ४५ अंशांत तिरका हवा. १० सेकंद म्हणजे दोन नॉट, मग तिरकेपणा फक्त २० अंश. म्हणजे बूमची लांबी खाडीच्या रुंदीच्या जवळजवळ तिप्पट लागणार. हा आकडा खरेदीच्या मागणीपत्रात गेला पाहिजे. बूमचं प्रवाह जातो त्या बाजूचं टोक जिथे काठाला लागेल तिथे तेल साचेल, म्हणून तिथे टँकर पोचेल असा रस्ता आहे का ते पाहून मगच ते टोक ठरवा. खुंटा ठोकायचा की झाडाला बांधायचं, हेही जागेवरच कळतं.

डिस्पर्संट, म्हणजे तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात मिसळवणारं रसायन, फवारण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण तेल डोळ्यांसमोरून जातं. ते जातं खाली, माशांकडे. तटरक्षक दलाच्या परवानगीशिवाय फवारायचं नाही आणि उथळ खाडीत, कांदळवनाजवळ तर विचारायचंही नाही. कपड्यांचा साबण ओतणारेही भेटतात. त्यांना तिथून हलवा.

रसायनांची फाईल वेगळी ठेवू नका

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ धडकली. सुमारे ८०० टन तेल सांडलंच, पण शेकडो कंटेनरही पाण्यात पडले आणि त्यांतल्या काहींत कीटकनाशकं होती. बंदरं काही दिवस बंद राहिली. तेलाची फाईल एका कपाटात आणि रसायनांची दुसऱ्यात असेल, तर अशा दिवशी दोन्ही निरुपयोगी ठरतात.

रसायनांसाठी जिल्ह्याकडे आधीच एक मंच असतो: १९९६ च्या नियमांखालचा जिल्हा आपत्कालीन गट, अध्यक्ष जिल्हाधिकारी. त्याची बैठक दर ४५ दिवसांनी आणि पूर्ण रंगीत तालीम वर्षातून एकदा व्हायला हवी. तेलासाठी नवी समिती काढू नका. याच गटात तटरक्षक दल, मेरीटाईम बोर्ड, कांदळवन कक्ष आणि मच्छीमार सोसायट्यांना कायमचं निमंत्रण द्या.

कंटेनर किनाऱ्याला लागला तर गाव आधी तो उघडायला धावतं. मे २०२५ मध्ये कोचीजवळ बुडालेल्या एमएससी एल्सा ३ वर बारा कंटेनर कॅल्शियम कार्बाइडचे होते. त्याला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू निघतो आणि ठिणगीला पेट घेतो. केरळने लोकांना कंटेनरपासून २०० मीटर लांब राहायला सांगितलं. तोच आकडा घ्या आणि तो गावात सांगायचं काम पोलीस पाटलाकडे द्या. जहाजावर काय माल आहे याची यादी कोणाकडून आणि किती वेळात मागवायची, तेही लिहा. त्याच जहाजातून आलेले प्लॅस्टिकचे दाणे तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर पसरले. असे दाणे वेचायला चाळण्या लागतात, पाण्यावरून तेल ओढून घेणारं स्किमर यंत्र नव्हे.

घाण टाकणार कुठे?

या प्रश्नावर सभागृह शांत होतं. सांडलेल्या तेलापेक्षा गोळा झालेला कचरा कितीतरी पट जास्त असतो, कारण त्यात वाळू, शेवाळ, नारळाच्या झावळ्या, हातमोजे सगळंच येतं. १०० टन तेलामागे हजार टन घाण निघाली तर आश्चर्य मानू नका. हा घातक कचरा आहे. तो गावच्या डंपिंगवर जात नाही, आमच्याकडून तळोज्याच्या प्रक्रिया केंद्रात जातो.

म्हणून प्रत्येक तालुक्यात उधाणाच्या रेषेच्या वर, विहिरींपासून लांब आणि ट्रक वळेल अशी एक जागा आजच ठरवा. खाली जाड ताडपत्री, कडेने मातीचा बांध, वर आच्छादन. पातळ तेल, तेलकट वाळू आणि प्लॅस्टिक यांचे ढीग वेगळे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची तात्पुरत्या साठवणुकीला संमती, वाहतुकीच्या परवान्याचा नमुना आणि तळोज्याशी दराची बोलणी आधी झालेली असली, तर किनाऱ्यावर पिशव्यांचे डोंगर उभे राहत नाहीत. पिशव्या अर्ध्याच भरा. तेलकट वाळूची भरलेली पिशवी दोन माणसांनाही उचलत नाही आणि उन्हात ती फाटते.

पावत्या

खर्च कोणाच्या सहीने होणार, त्या सहीची मर्यादा किती आणि रविवारी सही कोण करणार, हे तीन ओळींत लिहा. मग भरपाईचं बघा. टँकरमधून टिकाऊ, म्हणजे लवकर उडून न जाणारं तेल सांडलं तर जहाजाच्या विम्यानंतर आंतरराष्ट्रीय निधीकडे दावा करता येतो. मालवाहू जहाजाचं इंधन सांडलं तर तो निधी लागू होत नाही, जहाजाच्या इंधनगळतीच्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय बंकर करार लागू होतो, आणि भारत त्यात २०१५ मध्ये सामील झाला. चित्रा मालवाहू होतं आणि घटना २०१० ची, हे लक्षात घेतलं की फरक कळतो. नुकसान झाल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो.

दावा पुराव्यावर उभा राहतो: मजुरांचा हजेरीपट, बोटीच्या डिझेलच्या पावत्या, तारीख-वेळेसह फोटो. मच्छीमारांचं नुकसान सिद्ध करायला आधीच्या हंगामाचे आकडे लागतात. लिलावाच्या चिठ्ठ्या आणि सोसायटीची वही नीट असेल, तर नाखवाचा दावा टिकतो. हे त्यांना गळती झाल्यावर सांगून उपयोग नाही, आत्ता सांगा. हातावर पोट असलेल्या बायका, ज्या कालवं विकतात, त्यांची कुठेच नोंद नसते. सोसायटीकडून त्यांची यादी करून घ्या.

सराव डिसेंबरात नको

सगळ्या तालमींचे फोटो निरभ्र आकाशाखालचे असतात. चित्राचा अपघात ऑगस्टमधला, २०११ मध्ये मुंबईजवळ कोळसा घेऊन बुडालेल्या राक कॅरियरचाही ऑगस्टमधला, एल्सा ३ मे अखेरीचं. आराखड्यात ‘स्थानिक मच्छीमारी बोटींची मदत घेण्यात येईल’ असं वाक्य हमखास असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बऱ्याच गावांत नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. म्हणजे मदतीची वेळ येते तेव्हा बोटी झावळ्यांखाली झाकून शेकारलेल्या असतात. पावसाळ्यात कोणत्या चार-पाच यांत्रिक बोटी पाण्यात राहतील, त्यांना भाडं किती, खलाशांचा विमा कोण काढणार, हे मेमध्ये ठरवा.

एक तालीम पावसात करा, शक्यतो पहाटेच्या ओहोटीला आणि आगाऊ न सांगता. सभागृहातली नको. फोन लावा आणि बूम पाण्यात पडेपर्यंत किती वेळ गेला ते लिहा. मी पाहिलेल्या एका तालमीत सर्वांत जास्त वेळ गोदामाची किल्ली शोधण्यात गेला, कारण किल्लीवाला बदलून गेला होता. बदल्या मेमध्ये होतात, तेव्हा फोनयादी जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तपासा, प्रत्येक नंबर स्वतः लावून. आणि किल्ल्या दोन करा, एक गोदामाच्या पहारेकऱ्याकडे, एक तहसील कार्यालयात.