लांब नळ्यांच्या जुन्या दुनळी बंदुका : संग्रह करताना काय पाहावे

जुन्या दुनळी बंदुकांच्या बाजारात लांब नळी पाहताच खरेदीदाराचे डोळे चमकतात आणि विक्रेत्याला ते नेमके ठाऊक असते. म्हणून या छंदात उतरणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घ्यावी की नळी लांब असणे ही दुर्मिळता नव्हे. त्या बोअरच्या आणि त्या काळातील बंदुकीच्या मानाने ती लांब असली आणि कारखान्यातून बाहेर पडतानाच तेवढी होती, असे बंदुकीच्या अंगावरील खुणांवरून दाखवता आले, तरच तिला दुर्मिळ म्हणावे.

बोअरचा आकडा म्हणजे एका पौंड शिशातून नळीच्या व्यासाच्या किती गोल गोळ्या होतील ती संख्या, म्हणून आकडा लहान तेवढी नळी रुंद. १२ बोअरचा व्यास ०.७२९ इंच, १० बोअरचा ०.७७५ आणि ८ बोअरचा ०.८३५ इंच असतो. पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी घडवलेल्या ८ बोअरला ३६ इंचांची नळी असणे नेहमीचेच आहे, कारण ती बंदूक मुळात त्याच मापाने मागवली जात असे. १२ बोअरमध्ये ३० इंच हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सर्वसाधारण माप होते, ३२ इंचही पुष्कळ आढळतात, पण ३४ किंवा त्याहून अधिक इंच दिसले की थांबून पाहावे. १६ किंवा २० बोअरच्या बारीक बंदुकीला ३४ इंचांची मूळ नळी असेल, तर ती ३६ इंची ८ बोअरपेक्षा कितीतरी विरळ समजावी. नवे संग्राहक मात्र फक्त इंच मोजतात आणि मोठ्या बोअरवरच पैसे घालवतात.

लांबीमागची कारणे माहीत असली, की कोणती बंदूक आपल्या काळाशी जुळते हे कळू लागते. जुन्या ठासणीच्या बंदुकीत काळी दारू सावकाश पेटत असल्याने तिचा पुरेपूर जोर मिळवण्यासाठी नळी लांब ठेवावी लागे, आणि तशा दोन नळ्या शेजारी जोडल्या की बंदूक उचलणे कठीण होई. १७८७ साली बंदूक-कारागीर हेन्री नॉक यांनी दारू झपाट्याने पेटवणाऱ्या ब्रीचचे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाचे, पेटंट घेतले, त्यानंतर नळ्या आखूड करता येऊ लागल्या आणि दुनळी बंदूक शिकाऱ्याच्या हाती रुळली. कारागीर जोसेफ मँटन यांच्या १८०६ च्या पेटंटमधील, दोन नळ्यांच्या मधल्या उंच पट्टीमुळे दोन्ही नळ्यांवरून नेम धरणे सोपे झाले. पुढे मागून भरण्याच्या बंदुका आल्या, १८७० च्या दशकात डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्यासारख्या कारागिरांनी चोकचे, म्हणजे नळी तोंडाशी किंचित अरुंद करण्याचे, तंत्र पक्के केले आणि लांब पल्ल्यासाठी नळीच्या लांबीवर विसंबण्याची गरज आणखी कमी झाली. तरीही दलदलीत बदके टिपणारे शिकारी लांब नळीच मागत राहिले, कारण तिच्यामुळे नेमाची रेषा लांबते, वजन पुढे आल्याने झोका संथ व सलग राहतो आणि तोंडाशी होणारा भडका कानापासून दूर जातो. छर्ऱ्यांचा वेग मात्र ३० इंचांनंतर दर इंचामागे अगदी थोडाच वाढतो, तेव्हा ‘लांब नळी म्हणून दुप्पट मारा’ असे कोणी सांगू लागला तर तो बंदूक विकतो आहे एवढेच समजावे.

अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठी १९१८ साली कायदा झाला आणि त्याखालील नियमांनी १० बोअरपेक्षा रुंद बंदुकीने पाणपक्षी मारणे बंद केले. तेव्हा मोठ्या बोअरच्या कित्येक बंदुका कामाबाहेर गेल्या. काही अडगळीत गंजल्या, काहींच्या नळ्या कापल्या गेल्या. संग्राहकाचे मुख्य काम येथूनच सुरू होते, कारण पुष्कळदा नळी कापलेली असते, आणि दुर्मिळतेला भाव आल्यावर कधी ती बदललेलीही असते.

बंदूक हाती घेताच प्रथम ती उघडून काडतुसांची दोन्ही घरे रिकामी आहेत याची खात्री करावी, मगच मोजणी. बंदूक बंद करून नळीत तोंडाकडून सरळ लाकडी काठी घालावी, ती मागे ब्रीचच्या तोंडाला टेकली की नळीच्या तोंडाशी खूण करावी आणि काठीवरचे माप घ्यावे. बाहेरून टेप लावून घेतलेले माप चुकते. मिळालेले माप पाव किंवा अर्धा इंच असे विचित्र आले म्हणून लगेच शंका घेऊ नये, मात्र तपास तेथूनच सुरू करावा.

कापलेली नळी ओळखण्याचा सर्वांत बोलका पुरावा तोंडाशी असतो. दोन्ही नळ्या पुढे बारीक होत जातात आणि तोंडाशी त्यांच्या भिंती एकमेकींना जवळजवळ टेकतात, त्यामुळे पुढचे काही इंच छाटले की दोघींमध्ये फट राहते आणि ती बुजवण्यासाठी डाख किंवा धातूचा लहान तुकडा भरला जातो. भिंगाने पाहिल्यास त्या भरावाचा रंग सहसा वेगळा दिसतो. दुसरी कसोटी चोकची, कारण नळीच्या शेवटच्या इंच-दोन इंचांतले अरुंदीकरण कापण्यात निघून जाते आणि दोन्ही नळ्या आतून सरळ सिलिंडर राहतात. येथे घाई करू नये. १८७० च्या आधीच्या बंदुकीला चोक नसणे स्वाभाविक आहे, तेव्हा चोक नसल्याने काही सिद्ध होत नाही. उलट १८८०-९० च्या सुमारास बदकांच्या शिकारीसाठी घडवलेल्या बंदुकीच्या दोन्ही नळ्या आतून अगदी सरळ असतील, तर संशय रास्त ठरतो.

पार्कर या अमेरिकी कारखान्याच्या बंदुकांत आणखी एक मार्ग असतो. नळ्यांच्या तळाशी कारखान्याने घासण्यापूर्वीचे वजन पौंड व औंसांत ठोकलेले असे. घासताना काही औंस जातात, पण आजचे वजन त्याहून खूपच कमी भरले तर उरलेले लोखंड कोठे गेले हे विक्रेत्याला विचारावे. जुनी चामड्याची पेटी सोबत असेल, तर नळ्यांसाठी तिच्यात केलेला खण मोजावा. नळीपुढे तीन बोटे मोकळी जागा उरणे ही चांगली खूण नव्हे, अर्थात पेट्याही अदलाबदल होतात.

बदललेल्या नळ्या निराळ्याच पद्धतीने उघड होतात. ऍक्शन (नळ्या जिला जोडतात तो यंत्रणेचा भाग), नळ्यांचा सपाट तळ आणि फोरएंडचे (नळ्यांखालच्या पुढच्या मुठीचे) लोखंड या तिन्ही ठिकाणचे क्रमांक जुळले पाहिजेत. ब्रीचपासून काही इंचांवर नळीभोवती अंगठीसारखी बारीक जोडरेषा दिसली, तर ती नळी ‘स्लीव्हड’ असण्याची शक्यता धरावी, म्हणजे मागचा भाग जुना ठेवून पुढे नव्या नळ्या बसवलेल्या आहेत. असे काम दडवून न करता झाले असेल, तर ब्रिटिश प्रूफ हाऊसने, म्हणजे बंदुकीची चाचणी करून खूण ठोकणाऱ्या संस्थेने, तसा शब्दही ठोकलेला असतो. नव्या नळ्या हव्या त्या लांबीच्या घेता येतात हे लक्षात ठेवल्यास पुढचे सांगावे लागत नाही.

प्रूफच्या खुणा वाचायला शिकणे कंटाळवाणे असले तरी त्याला पर्याय नाही. इंग्लंडमध्ये लंडनचे गनमेकर्स मंडळ १६३७ पासून आणि बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ पासून आहे. १८८७ पासून काही वर्षे बोअर लहान-मोठे असल्यास १२/१, १३/१ असे उपआकडे दिले जात. मुकुटाखालील बीएनपी ही अक्षरे असली तर बर्मिंगहॅममध्ये १९५४ किंवा त्यानंतर निर्धूर दारूची चाचणी झाली असे समजावे. लांबीशी याचा संबंध असा की ब्रिटिश बंदुकीचे आतील माप ब्रीचपासून ९ इंचांवर घेतले जाते आणि ते ठोकलेल्या मापापेक्षा ठरावीक मर्यादेबाहेर वाढले असेल, तर बंदूक प्रूफबाह्य ठरते. लांब नळी तिच्या वजनामुळे आतून घासून हलकी करण्याचा मोह अनेकांना झालेला असतो. भिंतीची जाडी मापकाने नळीभर तपासावी आणि सर्वांत पातळ ठिकाणी सुमारे ०.०२० इंचांखाली उतरली असल्यास ती केवळ पाहण्याची वस्तू मानावी. लांब, पातळ नळीला तोंडाजवळ पोचा पडणे व ती वाकणे सहज घडते. प्रकाशाकडे धरून आतील सावल्यांची वर्तुळे एककेंद्री दिसतात का ते पाहावे.

डमास्कस नळ्यांचे नक्षीदार वेटोळे मोहात पाडते, म्हणून जरा जपून. तो लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेला जोड असतो, आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या नक्षीखाली गंजाची पोकळी असू शकते. पट्टी व नळ्यांमधील डाख निसटला आहे का, हे नळ्या दोरीने लोंबकळत ठेवून हलक्या लाकडी हातोडीने ठोकल्यास समजते: घंटेसारखा नाद आला तर जोड शाबूत, खळखळ आली तर ढिला. नळीचा रंग गरम क्षारांत बुडवून कधीच नवा करू नये, त्याने डाख खाल्ला जातो. निदान त्यावरून झालेल्या नुकसानीची चर्चा तरी मी पुरेशी ऐकली आहे.

कारखान्याचे दफ्तर मिळाल्यास हा सगळा वाद सोपा होतो. पर्डी यांच्यासारख्या जुन्या इंग्रजी घराण्यांच्या वह्यांत नळीची मूळ लांबी लिहिलेली सापडते. अमेरिकेत ब्रिटनसारखी कायद्याने सक्तीची प्रूफ चाचणी नव्हती, त्यामुळे तिथल्या बंदुकांसाठी नोंदींचे महत्त्व आणखी वाढते. एल. सी. स्मिथ या अमेरिकी बंदुकांच्या नोंदी वायोमिंगमधील कोडी संग्रहालयाकडे आहेत आणि पार्करच्या नोंदींचा बराच भाग टिकून आहे. खरेदीपूर्वीच अशा पत्राची मागणी करावी. विक्रेत्याने टाळाटाळ केल्यास किंमत त्या प्रमाणात कमी मागणे योग्य.

कायद्याची बाजू देशागणिक बदलते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली बंदूक पुराणवस्तू मानली जाते, अन्यत्र वर्षाबरोबर काडतुसाचा प्रकार किंवा परवान्याची अट लागते. ताबा, वाहतूक आणि सीमापार नेणे हे तीनही स्वतंत्र प्रश्न असल्याने आपल्या देशातील नियम आधी तपासावेत.

घरी ठेवण्याची अडचण लांबीचीच आहे. ३० इंची बंदुकीसाठी बनलेल्या कपाटात ३६ इंचांची नळी मावत नाही, म्हणून जागा आधी मोजावी. तोंड खाली ठेवल्यास तेल दस्त्याच्या लाकडात झिरपत नाही, मात्र त्या वेळी तोंडाखाली मऊ आधार हवा. आडवी ठेवायची असल्यास दोन ठिकाणी आधार द्यावा आणि नळीवर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून वर्षातून निदान दोनदा तो पुसून नव्याने लावावा.