धरणाकाठच्या गावात सुरक्षित कसं राहावं

गंगापूर, दारणा, मुकणे, वाघाड. नाशिक जिल्ह्यातल्या अशा कुठल्याही धरणाच्या फुगवट्याकाठी घर किंवा शेत असेल तर एक गोष्ट आधी मनात पक्की करा. हा काठ एका जागी राहत नाही. सप्टेंबरात बांधाला टेकलेलं पाणी मे महिन्यात पार खाली उतरलेलं असतं. लहानपणापासून ओळखीचा असलेला उतार यंदा तसाच असेल याची खात्री नसते, आणि गावातले पट्टीचे पोहणारेही इथेच फसतात.

1. उन्हाळ्यातच काठ पाहून ठेवा

पाणी उतरलं की घरातल्या सगळ्यांनी, पोरांनाही घेऊन, काठाने एकदा चालून या. गाळ उपसलेले खड्डे कुठे आहेत, जुन्या विहिरी कुठे बुडतात, नदीचं मूळ पात्र कुठून जातं ते दाखवा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत शेतात सुपीक माती येते ही चांगलीच गोष्ट आहे, पण पोकलेनने काढलेला खड्डा पावसाळ्यात पाण्याखाली दिसत नाही. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्यावरच्या पाण्यात पडतं. खड्ड्याच्या कडेला उंच बांबू रोवून त्याला लाल फडकं बांधा. ग्रामपंचायतीने करायला हवं, हे खरं. पण तिची वाट पाहत बसू नका.

गाळपेराच्या, म्हणजे पाणी उतरल्यावर उघडी पडते त्या जमिनीत उतरतानाही जपा. वरून भेगाळलेली, वाळलेली दिसते, आत मात्र चिखल असतो. काठी टोचत चला. जनावरं तिथे एकट्या पोराच्या भरवशावर सोडू नका.

2. मोटारीच्या कामाला एकटं जाऊ नका

माझ्या मते धरणाकाठचं सगळ्यात धोक्याचं काम हेच. पाणी मागे सरकलं की मोटार, केबल, फूटव्हॉल्व्ह पुढे न्यावा लागतो. ओल्या अंगाने, चिखलात उभं राहून, कधीकधी रात्री, कारण शेतीची लाइट पुष्कळदा रात्रीचीच असते.

आधी मेन स्विच बंद करा. मग फ्यूजच्या ग्रिपा काढून खिशात ठेवा, पेटीवर नको. लाइट गेली आहे म्हणून बिनधास्त पाण्यात उतरणं जिवावर बेततं: स्टार्टर ऑटोवर असेल तर लाइट येताच मोटार आपोआप सुरू होते. केबलचे जोड पाण्यात लोंबकळू देऊ नका, आणि पेटीला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून पावसाळ्याआधी तपासून घ्या. कुणाला शॉक बसलाच तर हाताने ओढू नका. आधी पुरवठा तोडा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करा.

3. शेततळ्याला धरणाइतकंच घाबरा

द्राक्ष आणि कांद्याच्या पट्ट्यात आता घरापासून हाकेच्या अंतरावर शेततळं असतं. त्यातला प्लास्टिकचा कागद ओला झाला, त्यावर शेवाळ धरलं, की पोहता येणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. हात-पाय सटकत राहतात आणि दम संपतो. म्हणून चारही बाजूंनी जाड दोर आत सोडा, प्रत्येक दोराला हातभर अंतरावर गाठी मारा आणि वरचं टोक रोवलेल्या खांबाला बांधा. ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब कायम पाण्यावर तरंगत ठेवा. भोवती जाळीचं कुंपण आणि कुलपाचं फाटक असावं. तळ्यावर झालेल्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

4. कुणी बुडत असेल तर उडी मारू नका

एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, असं करत एकाच घरातली माणसं जातात. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच खाली दाबतो. आरडाओरडा करून माणसं जमवा आणि काठावरूनच दोर, बांबू, एकमेकींना गाठ मारलेल्या साड्या, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाती येईल ते टाका.

बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध 30 दाब आणि 2 श्वास, मदत येईपर्यंत. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होतो. हे हातांना सवयीचं व्हायला हवं. आरोग्य केंद्राला विनंती करून गावात एकदा प्रात्यक्षिक घ्या.

5. विसर्गाचा आकडा वाचायला शिका

1 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. म्हणजे 10,000 क्युसेक सोडले की सेकंदाला 2 लाख 80 हजार लिटरच्या वर पाणी येतं. गोदावरीकाठच्या सायखेडा, चांदोरीकडच्या लोकांनी फक्त गंगापूरचा आकडा पाहू नये. दारणेचं पाणी वरच्या अंगाला, दारणासांगवीजवळ गोदावरीत येऊन मिळतं. दोन्ही धरणांच्या विसर्गाची बेरीज करा. पाणी अंगणात यायच्या आधीच जनावरं सोडून उंचावर न्या, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. पुलावरून पाणी वाहत असेल तर ट्रॅक्टरही घालू नका.

6. रात्री आणि अंधाराच्या वेळी

गमबूट, काठी, बॅटरी, हे तिन्ही हवंच. नाग आणि घोणस बांधावर भेटतात. मण्यार मात्र घरात येऊन जमिनीवर झोपलेल्याला चावतो, आणि चावा फारसा दुखत नाही. पहाटे अचानक पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या तर हाच संशय धरा. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. चावलाच तर अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा, हात-पाय हलवू देऊ नका, करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. प्रतिसर्पविष लस मिळेल अशा सरकारी दवाखान्यात थेट न्या. आपल्या जवळ असा दवाखाना कोणता, ते आजच विचारून ठेवा.

निफाड, सिन्नर, दिंडोरीत ऊस तिथे बिबट्या हे धरूनच चाला. लहान मुलांना अंधार पडल्यावर एकटं अंगणात सोडू नका. ऊसतोडीत बछडी सापडली तर हात न लावता वन विभागाला 1926 वर कळवा.

7. वीज कडाडली की पाण्याबाहेर

वळवाच्या दिवसांत दुपारनंतर तराफा पाण्यात घालू नका. विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप मोबाइलमध्ये ठेवा आणि झाडाखाली थांबू नका.

8. हाक कशी द्यायची, ते आधी ठरवा

112, 108, वायरमन, सर्पमित्र आणि गावातले पोहणारे, सगळ्यांचे नंबर मोटारीच्या पेटीच्या झाकणावर आतून ऑइलपेंटने लिहा. फोनवर गट नंबर सांगून रुग्णवाहिकेला काही कळत नाही. गावाचं नाव, तालुका, डांबरी रस्त्यावरचं मंदिर किंवा शाळा, आणि तिथून कोणत्या बाजूला वळायचं ते सांगा. मग एकाला मोटारसायकलवर त्या वळणावर पाठवा. रात्र असेल तर हेडलाइट चालू ठेवून त्याने तिथेच थांबायचं.