महिन्याचं बाळ ‘व्यक्ती’ असतं का? आफ्रिकन नीतिविचारावर डिसर्टेशन लिहिताना

“उबुंटू घे, पंधरा दिवसांत उरकतं,” असं एका सीनियरनं सांगितलं, म्हणून एम.ए.च्या डिसर्टेशनला मी आफ्रिकन नीतिविचारातला व्यक्ती-समाज संबंध घेतला. उबुंटू म्हणजे ‘माणूस इतर माणसांमुळेच माणूस होतो’ हा दक्षिण आफ्रिकेकडचा विचार. पंधरा दिवसांत उरकलंही. मग तोंडीच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “तुमच्या पान १२ प्रमाणे महिन्याचं बाळ व्यक्ती आहे की नाही?” मी आधी हो म्हणाले, मग नाही म्हणाले, मग पाणी प्यायले. डिसर्टेशन दुरुस्तीला परत आलं.

केनियाचे विचारवंत जॉन म्बिटींचं १९६९ चं ‘आपण आहोत म्हणून मी आहे’ हे वाक्य तुम्हाला पाठ असेलच. ते सोडून देते. मी पडले तो खड्डा दाखवते.

खड्डा म्हणजे आपला ‘व्यक्ती’ हा शब्द. इंग्रजीतल्या ‘पर्सन’लाही आपण व्यक्ती म्हणतो आणि ‘इंडिव्हिज्युअल’लाही. नायजेरियाचे तत्त्वज्ञ इफेअन्यी मेंकिटी १९८४ च्या निबंधात म्हणतात की मूल जन्मतः ‘पर्सन’ नसतं. विधी, नाती, जबाबदाऱ्या निभावत ते हळूहळू तिथवर पोचतं, आणि यात नापासही होता येतं. लहान मूल गेलं तर शोकाचे विधी फारसे होत नाहीत, म्हाताऱ्या माणसाचे मात्र साग्रसंगीत होतात, हा त्यांचा एक पुरावा. मी लिहिलं, ‘व्यक्ती ही जन्मतः व्यक्ती नसते.’ आता वाचा हे वाक्य. जी नसते ती कोण? पुढची वीस पानं मी याच चिखलावर रचली होती.

उत्तर घरातच होतं. ‘माणूस जन्माला येतो’ असं आपण म्हणतो, आणि ‘पैसा कमावलास, पण माणूस नाही झालास’ असंही. पहिला माणूस फुकट मिळतो, दुसरा कमवावा लागतो. घानातल्या अकान भाषेत ‘ओनिपा’ शब्द असाच दुहेरी चालतो. निर्दयी माणसाबद्दल ‘तो ओनिपा नाही’ म्हणतात. साम्य एवढंच, शब्दाच्या वापरापुरतं. यावरून ‘आपल्या ऋषींनीही हेच सांगितलंय’ असं प्रकरण जोडू नका. मी जोडलं होतं. वसुधैव कुटुंबकम् वगैरे. लाज वाटते.

हे दोन माणूस वेगळे केले की घानाचे तत्त्वज्ञ क्वामे ग्येक्ये यांचं मेंकिटींशी भांडण कळतं. ते म्हणतात, बाळ पहिल्या दिवसापासून पुरतं ‘पर्सन’ आहे. पुढे कमवायचे ते सद्गुण, व्यक्तित्व नव्हे. समाज माणसाला घडवतो, पण सगळा नाही. बरंवाईट पारखायची शक्ती त्याच्यापाशी उरते, म्हणून तो रूढीलाही नाही म्हणू शकतो. ते एक अकान म्हण देतात: कूळ झाडांच्या झुंबडीसारखं, लांबून एकात एक दिसतं, जवळ गेलं की प्रत्येक झाड सुटं. म्हणजे ‘आफ्रिकन लोक समाजाला वर ठेवतात, पाश्चात्त्य व्यक्तीला’ हे वाक्य दोन आफ्रिकनांमधला वादच गिळून टाकतं. यूट्यूबवरच्या बहुतेक व्हिडिओंत हेच वाक्य असतं. एकही बघू नका.

दक्षिण आफ्रिकेतला मक्वान्याने खटला मात्र बघा. १९९५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं फाशी रद्द केली, तेव्हा अनेक न्यायमूर्तींनी उबुंटूचा आधार घेतला. जनमत फाशीच्या बाजूनं असलं तरी निकाल त्यावर ठरणार नाही, हेही न्यायालयानं बजावलं. समूहाचं म्हणून ओळखलं जाणारं मूल्य बहुमताविरुद्ध खुन्याचा जीव वाचवायला वापरलं गेलं. माझ्या गाइडना हा खटला सुचला नव्हता. गाइड सही करतात, वाचायचं तुम्हालाच.

घाबरू नका, विषय अवघड नाही. मूळ निबंध छोटे आहेत, मेंकिटींचा तर जेमतेम दहा पानांचा. भाषांतर करण्याआधी तीनदा वाचा, आणि ‘पर्सन’ दिसेल तिथे समासात १ किंवा २ लिहा: फुकटचा की कमावलेला. दुरुस्तीत मी एवढंच केलं. एक महिना गेला, पण पास झाले.

आणि आधी मेंकिटी, मग ग्येक्ये. उलट वाचलंत तर मेंकिटी उगाच वेडे वाटतात.