१ जूनवाले सगळे एकच माणूस नसतात : आरोग्याच्या नोंदी जोडायचं सॉफ्टवेअर कसं करायचं

एकाच माणसाच्या ठिकठिकाणच्या नोंदी जोडायला आधार नंबर टाकला की झालं, हे आधी डोक्यातून काढा. पीएचसीचं (प्राथमिक आरोग्य केंद्राचं) रजिस्टर, आई-बाळांच्या नोंदीचं आरसीएच पोर्टल, टीबीच्या नोंदीचं निक्षय पोर्टल, सगळ्यात सारखा नंबर असेलच असं नाही, १४ अंकी आभा (सरकारी आरोग्य खात्याचा नंबर) तर जुन्या नोंदीत नसणारच, मग नाव, वय, गाव, मोबाईल यावरच जुळवायचं.

पहिलं काम साफसफाई, आन् लई वेळ त्यातच जातो बगा. शेख, शेक, शैख एका रूपात आणा, उस्मानाबाद-धाराशिव, औरंगाबाद-संभाजीनगर यांचा तक्ता करून ठेवा. उच्चारावरून नावं जुळवणाऱ्या साउंडेक्सच्या नादी लागू नका, ते इंग्रजी नावांसाठी बनलंय, आपल्या नावांना जारो-विंकलर बरं, ते दोन नावांची अक्षरं किती सारखी ते मोजतं.

मग ब्लॉकिंग, म्हणजे गट पाडून एका गटातल्याच नोंदी एकमेकींशी ताडायच्या. एक लाख नोंदी दुसऱ्या एक लाखाशी ताडल्या तर १००० कोटी जोड्या होतात, लॅपटॉप रडतो. म्हणून एकदा तालुका + जन्मवर्ष, एकदा मोबाईल, एकदा नावाची पहिली अक्षरं, असे दोन-तीन ब्लॉक वेगवेगळे चालवा, एकात सुटलेली जोडी दुसऱ्यात सापडते.

आता प्रत्येक जोडी किती जुळते त्याचे गुण द्यायचे. फेलेगी आन् सुंटर या संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये मांडलेलं गणित अजून चालतं: खऱ्या जोडीत नाव, जन्मतारीख अशी एखादी गोष्ट किती वेळा जुळते, भलत्याच दोघांत किती वेळा, त्यांच्या भागाकाराचा लॉग. स्प्लिंक हे फुकटातलं पायथन पॅकेज हेच करतं. पण आपल्याकडं शाळेत गुरुजींनी निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून लावलेली, ती जुळली म्हणून भरभरून गुण दिले तर अख्खी गल्ली एकच माणूस होईल! जी तारीख किंवा जे नाव जास्त वेळा येतं त्याला गुण कमी, ही सेटिंग चालू कराच. जाधव, शिंदे, पवारलाही तेच.

बायांच्या नोंदीत खरी परीक्षा. लग्नानंतर मधलं नाव, आडनाव दोन्ही बदलतं, त्यात पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आडनाव जुळलं नाही तरी गुण फार कापू नका, लेकराची जन्मतारीख, मोबाईल यांना वजन द्या. ऊसतोडीला गेलेल्या घरांचंही तसंच, गाव वेगळं दिसलं म्हणजे माणूस वेगळा असं नसतं.

शेवटी गुणांच्या दोन रेषा आखा, वरच्या रेषेच्या वर जोडा, खालच्या रेषेच्या खाली सोडा, मधल्या जोड्या आशाताईंना दाखवा, पण फक्त नाव-गाव, आजार नाही, तो दुसऱ्या फाईलीत कुलपात. चुकीची जोडणी सुटलेल्या जोडणीपेक्षा वाईट, एकाची टीबीची नोंद दुसऱ्याच्या नावावर चढते. दर तालुक्यातल्या दोनशेक जोड्या हातानं तपासा आन् बायांच्या चुका वेगळ्या मोजा, एकत्र मोजल्या की त्या सरासरीत दडून बसतात.