हनीसकलचा रानवेल: उपटण्याआधी या चुका टाळा

अमेरिकेच्या पूर्व भागातल्या रानात हनीसकल दिसली की वन-सफाईला गेलेल्यांचे हात शिवशिवतात. राग रास्तच आहे. १८०६च्या सुमारास बागांसाठी आणलेली जपानी हनीसकल (लोनिसेरा जॅपोनिका) तिथे झाडाझुडपांवर चढून त्यांचा उजेड तोडते. पण त्या भरात हनीसकलचे तिथले मूळचे, देशी वेलही उपटले जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खालची पाने पाहून निकाल देणे. देशी वेलाची खूण शेंड्याला असते. फुलांच्या लगेच खालची पानांची जोडी बुडाशी जुळून एकच होते आणि तिच्या मधोमध खोड आरपार जाते; पत्रावळीला भोक पाडून काडी ओवावी तसे. जपानी वेलाची पाने शेंड्यापर्यंत सुटीच राहतात. घोळ होतो तो पुढे: देशी वेलाचीही खालची पाने सुटीच असतात, आणि दाट सावलीत तो बरेचदा फुलतच नाही. मग जुळलेली जोडी दिसणार कुठून? उजेडाकडे झेपावलेला एखादा शेंडा सापडेपर्यंत खुरपे खाली ठेवा.

फुले असली तर काम सोपे. जपानी वेलाची फुले पानांच्या बगलेत जोडीने येतात, पांढरी उमलून पिवळी पडतात, फळे काळी. देशी वेलांचा झुपका शेंड्याला, फळे लाल-नारिंगी. त्यातही लोनिसेरा सेम्परविरेन्सच्या लांब लाल नळ्यांना वास नसतो. त्यांतला मध पिणाऱ्या हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्याला त्याची गरजही नसते. लोनिसेरा डायोइकाची फुले पिवळसर ते विटकरी, जेमतेम दोन सेंटिमीटरची, आणि पाने खालून पांढुरकी. लोनिसेरा रेटिक्युलाटाची जुळलेली पाने तर वरूनच रुपेरी, जवळजवळ नाण्यासारखी गोल.

पण पाने जुळलेली दिसली म्हणजे वेल देशीच, असेही नाही. युरोपातून बागेत आलेल्या लोनिसेरा कॅप्रिफोलियमचीही तशीच असतात. तिची फुले मलईच्या रंगाची, गुलाबी झाक असलेली आणि घमघमणारी. बोनसेटची पानेही जुळतात, पण ते सरळ उभे वाढणारे रोपटे, वेल नव्हे.

खोड कापून पोकळ आहे का पाहायची युक्ती झुडूप-हनीसकलसाठी आहे, वेलावर ती चालवू नका. मराठीत हनीसकलला ‘मधुमालती’ म्हणूनही फसायला होते: आपली मधुमालती अर्जुन-हिरड्याच्या कुळातली, हनीसकलची नातलग नव्हे.

तरीही शंका उरली तर वेलाला दोरा बांधा आणि मे-जूनमध्ये फुलांच्या वेळी परत जा. थंड उत्तरेकडे हिवाळ्याच्या तोंडावरची एक फेरीही उपयोगी पडते: बाकी रान निष्पर्ण झाल्यावर जी हनीसकल अजून हिरवी आहे, ती बहुधा जपानी.